भांडण त्याचं त्याला मिटवू दे

चि. सौ. मनूस,


छोटूने बालवाडीत दोघांना ढकललं, एकाच्या हातातली गाडी हिसकावली आणि बाईंनी तुला बोलावून घेतलं, हे वाचलं. पण ‘माझंच काहीतरी चुकतंय’ असं लिहून तू जो त्रागा केला आहेस, तो नको. सव्वातीन वर्षांचं मूल ढकलतं, ओरबाडतं, कधी चावतंही. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन बाईंनी बालशाळेतल्या मुलांचा खेळ बारकाईने टिपून १९३२ साली मांडलं की लहान मुलं आधी शेजारी शेजारी बसून आपापलंच खेळतात. मिळून खेळणं वयाबरोबर वाढत जातं. तेव्हा ‘शेअर कर, शेअर कर’ असा धोशा लावून त्याच्याकडून पाच वर्षांच्या मुलाचं शहाणपण मागू नकोस.

तुझ्या वागण्याचा त्यात वाटा असतो, हे मात्र खरं. त्याने गाडी ओढली की तू एक तर धपाटा घालतेस, नाहीतर चारचौघांत रडारड नको म्हणून त्याला हवं ते देऊन टाकतेस. धपाट्यातून तो शिकतो की ज्याच्या अंगात बळ, त्याचं चालतं. दुसऱ्यातून शिकतो की मोठ्याने रडलं की मिळतं. उद्या बालवाडीत तो हेच दोन उपाय वापरणार, कारण त्याच्याजवळ तिसरा नाही. बर्कलीच्या डायना बॉमरिंड यांनी साठच्या दशकात बालशाळेतली मुलं आणि त्यांचे आईबाप यांचा अभ्यास केला. नुसत्या धाकातली मुलं त्यांना नाखूश आणि बिचकलेली दिसली. मोकळी सोडलेली मुलं स्वतःला आवरण्यात सगळ्यांत कच्ची होती. माया भरपूर, नियम ठाम आणि नियमाचं कारणही सांगायचं, अशा घरांतली मुलं आपापलं निभावणारी आणि स्वतःवर ताबा ठेवणारी निघाली.

कारण सांगायचं म्हणजे व्याख्यान द्यायचं नाही. खाली बस, त्याच्या नजरेला नजर येऊ दे आणि म्हण, “बघ, तो रडतोय. तू गाडी ओढलीस ना, त्याला वाईट वाटलं.” एवढंच. मग गाडी परत द्यायची. तो देत नसेल तर त्याचा हात धरून, आवाज न चढवता, तू द्यायला लाव. आपल्या वागण्याने दुसऱ्याला काय झालं हे ज्यांना आईबाप दाखवून देतात, ती मुलं दुसऱ्याचा विचार अधिक करतात, हे मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी सांगितलं आहे. माराने ते साधत नाही. आणि अबोला तर धरूच नकोस. ‘जा, मी बोलत नाही तुझ्याशी’ हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण तेवढा वेळ मुलाच्या मनात आईचा रुसवा असतो, रडणारा सवंगडी नसतो.

पाहुण्यांसमोर ‘हा फार हट्टी आहे हो’ असं म्हणू नकोस. तो ऐकत असतो.

त्याला खेळायला इतर मुलंही मिळायला हवीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली मुलं शाळेत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तुमच्या फ्लॅटला अंगण नाही. म्हणून रोज संध्याकाळी त्याला खाली सोसायटीत ने, लहानमोठ्या मुलांत सोड आणि तू जरा लांब बस. मारामारी व्हायला लागली तरच ऊठ. नुसत्या आरडाओरड्याला धावलीस तर भांडण मिटवायची संधी तू त्याच्या हातून काढून घेतेस.

हे सगळं एकट्या आईने करायचं नाही. जावईबापूंना हे पत्र वाचायला दे, आजीलाही सांग. आईने ‘नाही’ म्हटलेलं बाबांनी किंवा आजीने ‘घे रे’ म्हणून दिलं, तर नियम उरतच नाही.

सोमवारी बाईंना भेटशील तेव्हा स्पष्टीकरण देत बसू नकोस. ढकलण्याआधी नेमकं काय झालेलं असतं आणि तो कुणाजवळ जाऊन बसतो, एवढं विचार, आणि त्या काय म्हणाल्या ते मला सविस्तर लिही.

तुझी,
मावशी