कोबी लावायचाय? मग आधी थंडी मोज

अगं, कोबीचं कुठलं बी आणू असं विचारलंस, ते फार बरं केलंस. बाकीच्या भाज्यांत बी कसंही निवडलं तरी पुढे सावरता येतं. कोबीचं तसं नाही. गड्डा धरणार की नुसती पानंच फोफावणार, हे निम्मं तू दुकानात पाकीट उचलतेस तेव्हाच ठरलेलं असतं. म्हणून खत-पाण्याचं नंतर बोलू, आधी बियाचं बोलू.

कोबी हे थंडीचं पीक. पंधरा ते वीस अंश तापमान त्याला मनापासून मानवतं. तेवढ्यात आतली पानं एकमेकांवर घट्ट मिटत जातात आणि गड्डा भरतो. ऊन तापलं की तीच पानं सैल पडतात, गड्डा पोकळ राहतो. आता तुझ्याकडे ही थंडी किती दिवस मुक्कामाला असते, ते बघ. पुण्या-नाशिकला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य म्हण. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्या गार, पण फेब्रुवारी सरता सरता ऊन चटके द्यायला लागतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात तर खरी थंडी मोजकीच. त्या दिवसांत जी जात गड्डा भरून मोकळी होईल, ती तुझी जात. पाकिटावरचा फोटो कितीही देखणा असो, निवडीची कसोटी हीच ठेव.

म्हणून पहिल्या वर्षी तू लवकर येणारी जातच घे. 'गोल्डन एकर' सगळीकडे मिळते. गोल, घट्ट, एक ते दीड किलोचा गड्डा आणि रोप लावल्यापासून साधारण साठ-सत्तर दिवसांत काढायला तयार. 'प्राइड ऑफ इंडिया' तिच्याच वळणाची. चौघांच्या घराला असा गड्डा अगदी बेताचा: एक दिवस भाजी, एक दिवस कोशिंबीर, संपला. 'पुसा ड्रम हेड'चा चपटा, तीन किलोच्या पुढे जाणारा गड्डा बघून मोह होईल, पण तिला दिवस जास्त लागतात, थंडी लांब लागते आणि जागाही जास्त लागते. ती महाबळेश्वर-पाचगणीसारख्या गार हवेत शोभते. गच्चीवरच्या कुंडीत तिचा हट्ट धरू नकोस.

तुझ्याकडे हवा उबदार असेल तर 'पुसा अगेती' शोध. थोडी उष्णता सोसून गड्डा धरावा, म्हणूनच ती तयार केलेली आहे. ती हाती लागली नाही तर उष्णता सोसणारं संकरित बी माग. पाकिटावर 'एफ-१' लिहिलेलं असतं. ते महाग असतं, पण गड्डे एकसारखे आणि वेळेवर येतात. पाऊस लांबणाऱ्या, दमट भागात असशील तर 'पुसा मुक्ता' चांगली. कोबीच्या पानांच्या कडेकडून इंग्रजी व्हीच्या आकाराचे पिवळे डाग आत सरकतात आणि शिरा काळ्या पडतात, तो काळ्या कुजीचा रोग ही जात बऱ्यापैकी सोसते. जांभळ्या कोबीची हौस असेल तर जरूर लाव, कोशिंबिरीला फार सुरेख. फक्त तो गड्डा सावकाश भरतो, म्हणून त्याची रोपं सगळ्यात आधी तयार कर.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. आपल्याच कोबीचं बी धरायचा विचार करू नकोस. कोबीला फुलावर यायला कडाक्याची लांब थंडी लागते, ती आपल्या मैदानी मुलखात मिळत नाही. म्हणून कोबीच्या बियांचं काम हिमाचलात, कुलू खोऱ्यासारख्या गार भागात चालतं. दर वर्षी ताजं पाकीट घे आणि त्यावरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आता वेळ. पाऊस ओसरायला लागला, सप्टेंबरचा शेवट आला, की बी पेर. ट्रेमध्ये निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत घे आणि बी जेमतेम एक सेंटिमीटर खोल टाक. सगळं पाकीट एकदम रिकामं करू नकोस. थोडं आज, थोडं पंधरा दिवसांनी, थोडं आणखी पंधरा दिवसांनी. नाहीतर सगळे गड्डे एकाच आठवड्यात तयार होतील आणि शेजारीपाजारी वाटत फिरावं लागेल. हप्त्याहप्त्याने पेरलंस तर जानेवारी-फेब्रुवारीभर घरचा कोबी पुरेल. शेवटची रोपं मात्र डिसेंबरच्या सुरुवातीच्या आत मातीत गेली पाहिजेत. त्यापुढची गड्डा भरण्याआधीच उन्हात सापडतात.

ट्रेमध्ये पाणी साचू देऊ नकोस, कोवळी रोपं बुडाशी कुजून माना टाकतात. चार-पाच आठवड्यांची, चार-पाच पानांची रोपं झाली की संध्याकाळी लाव, खालच्या पानांपर्यंत मातीत दाबून. लवकर येणाऱ्या जातीला दोन रोपांत दीड फूट, मोठ्या जातीला दोन फूट. कुंडी असेल तर फूटभर खोल, फूटभर रुंद आणि एका कुंडीत एकच रोप. मला माहीत आहे, इवलंसं रोप एवढ्या मोठ्या कुंडीत एकटं बघवत नाही, बाजूला आणखी दोन खोचावीशी वाटतात. नको खोचूस. बाहेरची मोठी पानं ऐसपैस पसरली तरच ती आतला गड्डा पोसतात. आणि त्याच कारणासाठी ती पानं भाजीला खुडूही नकोस.

कोबी खादाड आहे. मातीत तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड आधीच मिसळून ठेव. लावणीनंतर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत दे आणि मधली पानं आत वळायला लागली की पुन्हा एकदा. पाणी रोज तपासून, पण सारखं. चार दिवस कोरडं ठेवून एकदम भडाभडा ओतलंस तर भरलेला गड्डा तडकतो. गड्डा तयार आहे आणि तुला चार दिवस थांबायचंय, तर दोन्ही हातांनी धरून अख्खं झाड हलकेच पाव वळसा फिरव. थोडी मुळं तुटतात, पाणी ओढणं कमी होतं आणि गड्डा फुटत नाही.

आता अळीचं. हे नीट ऐक, कारण घरी कोबी लावायचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कोबीवर एक इवलासा पतंग येतो, मिटलेल्या पंखांवर पाठीशी चौकोनी ठिपके दिसणारा. त्याची हिरवी अळी पानांची चाळण करते. या किडीने जगभरात एकामागून एक औषधं पचवली आहेत. 1953 सालीच जावा बेटावर ती डीडीटीला दाद देत नसल्याची नोंद झाली. ती मरत नाही म्हणून शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा फवारावं लागतं आणि तोच कोबी आपण लेकरांना कच्चा खायला देतो. त्या शेतकऱ्याला दोष देऊ नकोस, त्याचं पोट त्यावर आहे. पण तुझ्या दहा झाडांना विषाची गरज नाही.

रोपं लावल्या दिवसापासून त्यांवर जुनी मच्छरदाणी टाक, कडा विटांनी दाबून. कोबीचं आपण पान खातो, फळ नाही. मधमाशी यायची गरज नसते, त्यामुळे जाळी शेवटपर्यंत राहिली तरी बिघडत नाही. जाळी नसेल तर कोबी लावायच्या पंधरा दिवस आधी आजूबाजूला मोहरी पेर. हा पतंग कोबी सोडून मोहरीवर अंडी घालतो. शेतकरी कोबीच्या ओळींमध्ये मोहरीची ओळ घेतात, ती याचसाठी. रोज सकाळी पानं उलटून बघ, अळी दिसली की वेचून टाक. मावा चिकटला तर पाण्याची धार मार. तरी आटोक्यात येईना, तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, गाळून थोडा साबण घाल आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवार.

अंगठ्याने दाबल्यावर गड्डा टणक लागला की लगेच काप, वजन वाढेल म्हणून वाट बघू नकोस. खालची चार पानं आणि खोड तसंच राहू दे. हवा गार असेल तर त्याच खोडाला मुठीएवढे छोटे गड्डे धरतात. नंतर त्या मातीत मुळा, नवलकोल किंवा फुलकोबी नको, ती सगळी कोबीचीच भावकी आणि रोगही तेच. मेथी घे, चवळी घे.

बाजारातला गड्डा तुझ्यापेक्षा मोठा दिसेल, हे आत्ताच मनाशी धरून ठेव. त्याच्याशी तुलना करून खट्टू होऊ नकोस. किलोभराचा, घट्ट, न फवारलेला गड्डा हे पहिल्या वर्षाचं पूर्ण यश आहे. तेव्हा दुकानात गेलीस की आधी पाकिटाची मागची बाजू वाच: किती दिवसांत तयार, कोणत्या हंगामासाठी, तारीख काय. तेवढं वाचून मला फोन कर, पैसे मग दे.