रक्तांतील एक भागाकार

कोंपरावर व गुडघ्यावर तांबडे, जाड चट्टे आणि त्यांवर रुपेरी पापुद्रे असलेला एखादा मुलगा वर्गांत येतो, तेव्हां शेजारचा मुलगा बांक सोडून दूर बसतो. "हा रोग आपणांस लागेल," अशी त्यास भीति वाटते. विद्यार्थिमित्रहो, ही भीति व्यर्थ आहे. ती कशी, हें रक्ताच्या एका साध्या हिशेबावरून समजण्यास मदत होईल.

ह्या विकारास सोरायसिस म्हणतात. तो स्पर्शानें, सहभोजनानें किंवा कपड्यांमुळें पसरत नाहीं. अस्वच्छतेमुळेंही होत नाहीं. शरीराची रक्षणव्यवस्थाच विनाकारण खवळते व त्वचेंत दाह उत्पन्न करिते. निरोगी त्वचेची पेशी तळाशीं जन्मून वर येते व सुमारें एका महिन्यानें गळून पडते. सोरायसिसमध्यें हें चक्र थोड्याच दिवसांत पुरें होतें, म्हणून पापुद्रे सांचतात.

रक्षणाचें काम रक्तांतील पांढऱ्या पेशींकडे असतें. निरोगी प्रौढ माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तांत त्या साधारणतः ४,००० ते ११,००० असतात. त्यांतील न्यूट्रोफिल ही जंतूंवर प्रथम धांवून जाणारी फौज होय. लिम्फोसाइट हे शत्रूची ओळख ठेवणारे पहारेकरी.

आतां गणित करूं. एकूण ८,००० पेशींत शेंकडा ६० न्यूट्रोफिल व शेंकडा ३० लिम्फोसाइट असल्यास ४,८०० ला २,४०० नें भागून गुणोत्तर २ येतें. हेंच प्रमाण ७२ व १८ झालें, तर गुणोत्तर ४ होतें. एकूण संख्या तीच राहिली; परंतु आंतील तोल बदलला, आणि तो भागाकारानें उघड झाला. रक्त गोठविण्यास साह्य करणाऱ्या प्लेटलेटांच्या संख्येसही लिम्फोसाइटांच्या संख्येनें असेंच भागितात.

अनेक संशोधनांत सोरायसिसच्या रुग्णांमध्यें हीं गुणोत्तरें निरोगी माणसांहून सरासरीनें अधिक आढळलीं आहेत. ह्यावरून दिसतें कीं, हा दाह केवळ कातडीपुरता नसतो. म्हणूनच कांहीं रुग्णांचे सांधेही सुजतात. नेहमींच्या रक्ततपासणींतच हे आंकडे मिळतात. निराळा खर्च पडत नाहीं. मात्र साधा ताप, जंतुसंसर्ग किंवा धूम्रपान यांनींही गुणोत्तर वाढूं शकतें. सबब केवळ ह्या आंकड्यावरून रोगाचें निदान होत नाहीं. तें त्वचा पाहून वैद्यानेंच करावयाचें असतें.

पूर्वीं सोरायसिस व कुष्ठरोग यांची गल्लत होई. इ. स. १८४१ त व्हिएन्नाचे वैद्य फेर्डिनांड फॉन हेब्रा यांनीं दोहोंतील भेद स्पष्ट केला. इ. स. २०१४ त जागतिक आरोग्य सभेनेंही हा रोग संसर्गजन्य नसल्याचें आपल्या ठरावांत नमूद केलें.

पालकांनीं जाहिरातींतील मलमांवर विसंबून न राहतां मुलास त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावें. रोग समूळ जात नसला, तरी औषधांनीं तो आटोक्यांत राहतो. आणि मुलांनो, तुम्हीं इतकेंच करावें : सोडलेल्या बांकावर पुन्हां जाऊन बसावें.