फणस चित्रात कसा उतरवावा?

प्रश्न : परसातल्या फणसावर मिश्र माध्यमातलं चित्र करायचंय. सुरुवात कशी करू?
– एक वाचक, जोयडा

उत्तर : साहित्य फणसातच आहे. चारखंडाचा, म्हणजे बाहेरच्या काटेरी सालीचा, तुकडा उन्हात खडखडीत सुकवा, काट्यांवर ॲक्रिलिक रंग लावून जाड कागदावर दाबा, ठसा उठेल. सुतारकामातला फणसाच्या लाकडाचा भुसा पाण्यात उकळा. त्यातल्या मोरिनमुळे पिवळा रंग मिळतो. बौद्ध भिक्खूंची चीवरंही या लाकडाने रंगवली जात. सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलंत, तर रंग धरेल. त्या कापडाचे गऱ्यांच्या आकाराचे तुकडे कापून चिकटवा, कडेला आठळ्यांची वाळलेली सालं लावा. ओल राहिली, तर बुरशी येईल. फणसाचा चीक चिकटू नये म्हणून हाताला तेल लावाल, पण कागदाला लागू देऊ नका; तिथे रंग बसणार नाही. चित्र थेट उन्हात टांगू नका.