राष्ट्राची थोरवी आणि पाण्याची पाळी

राष्ट्र थोर कशाने होते, हा प्रश्न शाळेतील निबंधाच्या वहीपासून संसदेपर्यंत सर्वत्र विचारला जातो आणि त्याची उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. विस्तीर्ण भूमी, विपुल खनिजे, प्रबळ सैन्य, प्राचीन संस्कृती, वाढते उत्पादन ही ती उत्तरे होत. यांपैकी एकही गोष्ट क्षुल्लक नाही. परंतु हे सर्व हाताशी असूनही राष्ट्रे खचली आणि यांतील फारसे काही नसताना काही राष्ट्रे उभी राहिली, असाही इतिहासाचा दाखला आहे. म्हणून हा प्रश्न मोठ्या नकाशावर न मांडता एखाद्या तालुक्याच्या नकाशावर मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव तालुका त्या दृष्टीने बोलका आहे. साम्राज्याची आठवण आणि शेताच्या बांधावरील पाण्याची पाळी या दोन्ही गोष्टी तेथे एकाच नदीच्या काठी सापडतात.

अटकेपासून कोपरगावापर्यंत

१७५८ साली रघुनाथराव पेशव्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा लाहोरात शिरल्या आणि पुढे सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या. ‘अटकेपार झेंडे’ हा वाक्प्रचार त्या पराक्रमाची खूण म्हणून आजही आपल्या तोंडी आहे. त्याच रघुनाथरावांच्या आयुष्याची अखेर कोपरगावी झाली. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतरच्या वारसाकलहात रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरत येथे ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला आणि पेशवाईच्या गादीच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्या वाट्याला अखेर नेमणूक तेवढी आली. ते कोपरगावी येऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये येथेच निवर्तले. जवळच हिंगणी येथे त्यांचे स्मारक आहे.

अटकेची स्वारी आणि सुरतेचा तह यांत अवघी सतरा वर्षांची अंतरे आहेत. एवढ्या काळात तलवारीची धार बोथट झाली होती असे नाही. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात पुणे दरबाराने कंपनीच्या फौजेला वडगावी शरण आणले होते. उणीव होती ती निराळीच. राज्य ही सर्वांची ठेव आहे की एका घरातील वाटणीची मिळकत आहे, याचा निवाडा त्या काळाला करता आला नाही. भाऊबंदकी हा शब्द आपल्या ग्रामपंचायतींना समजावून सांगावा लागत नाही. बांधावरून सुरू होणारी ती गोष्ट सिंहासनावरून सुरू झाली, एवढाच काय तो फरक.

याच शतकातील दुसरे उदाहरण जिल्ह्याच्या आजच्या नावातच आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांचा मुलगा मालेराव १७६७ मध्ये मृत्यू पावला. होळकरांची दौलत आता हाती येईल या अपेक्षेने हेच रघुनाथराव सैन्यासह माळव्यात आले होते. अहिल्याबाईंनी लढाईची सिद्धता केली, तेव्हा आपण केवळ सांत्वनासाठी आलो आहोत असे सांगून दादासाहेबांनी वेळ मारून नेली, अशी परंपरागत कथा आहे. अहिल्याबाईंचे घाट, विहिरी व धर्मशाळा देशभर दाखविल्या जातात. परंतु अभ्यासकाने लक्ष द्यावे ते त्यांच्या हिशेबाकडे. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा पैसा वेगळा, हा भेद त्या कटाक्षाने पाळीत आणि दानधर्माचा खर्च खासगीतून करीत. सामायिक वस्तू सामायिक म्हणूनच सांभाळण्याची ही सवय राष्ट्राच्या थोरवीचे मूळ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र एका राज्यकर्तीच्या अंगी ती सवय असणे आणि हजारो सामान्य माणसांच्या अंगी ती बाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे आणि लोकशाहीला तीच आवश्यक आहे.

पाटाचे पाणी

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा हा प्रदेश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुष्काळांत होरपळला होता. त्यावर उपाय म्हणून इगतपुरी तालुक्यात दारणा धरण बांधण्यात आले. ते १९१६ साली पूर्ण झाले. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमधमेश्वर येथे गोदावरीवर बंधारा घालून डावा व उजवा असे दोन कालवे काढण्यात आले आणि कोपरगावच्या माळरानाला पाटाचे पाणी मिळाले. शंभर वर्षे उलटून गेलेल्या या कालव्यांनी तालुक्याचे रूप पालटले, हे सर्वविदित आहे. त्यांनी शेतकऱ्याला काय शिकविले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

विहिरीचे पाणी एकट्याचे असते. पाटाचे पाणी कधीच एकट्याचे नसते. आवर्तन सुटण्यापूर्वी शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरायचा, मंजुरी घ्यायची, आणि मुख्य कालव्यातून चारीत, चारीतून पोटचारीत आलेले पाणी शेजपाळीने, म्हणजे ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या वेळेपुरते घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. वरच्या शेतकऱ्याने रात्री दार उघडे ठेवले किंवा चारी फोडली, तर शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडा राहतो. त्या दोघांची कदाचित ओळखही नसते. वर शेत असणाऱ्याला खालच्याची भीती बाळगण्याचे कारण नाही आणि प्रत्येक दारावर पाटकरी उभा करणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. तरीही पाणी टोकापर्यंत पोचत असेल, तर ते कायद्याइतकेच वरच्या शेतकऱ्याच्या संयमामुळे पोचते. न पाहिलेल्या माणसाचा हक्क मान्य करणे हे नागरिकत्वाचे पहिले लक्षण होय, आणि नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना चारीवर नेले तर ते पुस्तकापेक्षा लवकर समजेल.

या संयमाच्या अभावाची शिक्षा जमीनही देते. वाजवीपेक्षा अधिक पाणी दिलेल्या शेतांतून ते झिरपत सखल भागात साचते आणि तेथील जमिनी पाणथळ, खारवट व चोपण होतात. दख्खनच्या सर्व जुन्या कालव्यांनी हा अनुभव घेतला आहे. येथे अतिरेक करणारा एक आणि भोगणारा दुसरा असतो.

याच खोऱ्यात उलट उदाहरणही घडले आहे. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात टोकाच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नसे. ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राने बापूसाहेब उपाध्ये यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास तेथे पाणीवापर संस्था उभारण्यास प्रारंभ केला. शेतकऱ्यांनी पाणी मोजून घ्यायचे, आपसांत वाटायचे, पट्टी स्वतः गोळा करून शासनाकडे भरायची, असा क्रम सुरू झाला आणि पाणी टोकापर्यंत पोचू लागले. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. २००५ साली राज्याने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्यासाठी कायदा केला, त्यामागे अशा प्रयोगांचे बळ होते. परंतु कायदा सर्वत्र लागू असूनही वाघाड सर्वत्र झाले नाही, हेही नोंदविले पाहिजे.

युरोपातील नेदरलँड्सचा बराच भूभाग समुद्रसपाटीखाली आहे. तेथे बांधांची व पाण्याच्या निचऱ्याची देखरेख करणारी स्थानिक जलमंडळे तेराव्या शतकापासून आहेत. म्हणजे डच राष्ट्र जन्माला येण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून. बांधाचा आपला तुकडा एकाने दुर्लक्षिला तर सगळ्यांचे शेत बुडणार, या जाणिवेतून तेथील लोक एकत्र बसून निर्णय घ्यावयास शिकले. राष्ट्र त्यानंतर आले.

कारखाना, महाविद्यालय आणि कोयता

पाणी आले म्हणजे त्याची फळे शेतकऱ्याला मिळतीलच असे नाही. कालव्यांच्या क्षेत्रात प्रथम खासगी साखर कंपन्या आल्या. गोदावरी शुगर मिल्सने १९३९ नंतर कोपरगाव तालुक्यात साकरवाडी व लक्ष्मीवाडी येथे बस्तान बसविले. अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी कंपन्यांना खंडाने दिल्या आणि ते स्वतःच्याच शिवारात परके झाले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ खंडकरी शेतकऱ्यांना त्या परत मिळू लागल्या त्या दीर्घ लढ्यानंतर, २०१२ पासून. मोर्चे, न्यायालये, विधिमंडळ या वाटेने पिढ्या गेल्या. न्यायाला झालेला हा विलंब भूषणावह नाही. तथापि ती माणसे त्या वाटेवरून ढळली नाहीत, याची नोंद राष्ट्राच्या जमेच्या बाजूस करावी लागेल.

विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. त्यामागोमाग कोपरगाव तालुक्यात कोळपेवाडीचा कोपरगाव सहकारी आणि नंतर संजीवनी सहकारी असे दोन कारखाने उभे राहिले. शंकरराव काळे आणि शंकरराव कोल्हे यांची नावे आज या दोन कारखान्यांना आहेत. पुस्तकी अर्थशास्त्राप्रमाणे कर्जबाजारी कुणब्याने यंत्रोद्योगाचा मालक व्हावे, हे घडण्यासारखे नव्हते. ते घडले, कारण हजारो माणसांनी अडीनडीचा पैसा भागभांडवल म्हणून दुसऱ्याच्या हाती दिला, आणि दहा शेअरवाल्यास व एका शेअरवाल्यास सारखेच एक मत, हा सहकाराचा नियम मान्य केला. शासनाचे अर्थसाहाय्य पाठीशी होते. पण या परस्परविश्वासाची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात करता येत नाही.

या विश्वासाचे एक सुंदर चिन्ह कोपरगावात पाहावयास मिळते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय येथे १९६५ साली सुरू झाले. त्याचे पूर्ण नाव सद्‌गुरू गंगागीर महाराज सायन्स, गौतम आर्ट्‌स आणि संजीवनी कॉमर्स महाविद्यालय असे आहे. नाव उच्चारताना विद्यार्थ्यांना धाप लागत असेल, हे खरे. पण त्यात सराला बेटाच्या संताचे नाव आहे आणि उसाच्या पैशाची आठवणही आहे. एका तालुक्याने आपली भक्ती आणि आपली मिळकत यांचे काय करायचे ठरविले, ते त्या पाटीवर वाचता येते.

मात्र येथे थांबलो तर चित्र अर्धे राहील. सहकारी कारखान्याचा सभासद होण्यास ऊस लागतो आणि उसाला जमीन व पाणी लागते. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो दिवाळीनंतर बीड, पाथर्डीकडून बिऱ्हाड घेऊन येतो. मुकादमाकडून उचल घेतलेल्या त्या जोडप्याची गणना ‘एक कोयता’ अशी होते. हिशेबात दोन माणसांचे एक अवजार होते. साखरशाळा निघाल्या, राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ स्थापन केले, हे स्वागतार्ह आहे. तरीही फडातील पाचटावर खेळणारे मूल हंगामाचे सहा महिने कोणत्या शाळेच्या पटावर असते, हा प्रश्न शिक्षकांनी आणि सरपंचांनी स्वतःला विचारावयाचा आहे. संविधान सभेपुढील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातींत विभागलेला समाज राष्ट्र कसा होणार, असा प्रश्न उपस्थित केला होता आणि बंधुतेवाचून स्वातंत्र्य व समता टिकणार नाहीत असे बजावले होते. सामायिक वस्तूची राखण करणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर कोण राहिले, हे पाहिल्याशिवाय त्या वर्तुळाची थोरवी मोजता येत नाही.

नाथसागराकडे जाणारे पाणी

कोपरगावच्या चारीवर वरचा आणि टोकाचा असा जो भेद आहे, तोच भेद संपूर्ण गोदावरी खोऱ्यात आहे. तेथे मात्र कोपरगाव स्वतः वरच्या अंगाला येते. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ मध्ये प्रकल्पाचे उद्‌घाटन झाले. सुमारे १०० टीएमसी क्षमतेचा हा नाथसागर मराठवाड्याचा आधार आहे. तुटीच्या वर्षी नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांनी खाली किती पाणी सोडावे, यावरून दीर्घकाळ वाद चालला. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला की, १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

कोपरगावच्या शेतकऱ्याची बाजूही खरी आहे. दारणेचे पाणी ज्या लाभक्षेत्रासाठी अडविले गेले, तेथील आवर्तने कमी होत गेली. शहराची तहानही कालव्यावरच अवलंबून आहे. पश्चिमेकडे वाहून जाणारे पाणी गोदावरी खोऱ्यात वळवावे, ही येथील जुनी मागणी रास्त आहे आणि तूट भरून काढण्याचा तो मार्ग शासनाने वेगाने पुढे नेला पाहिजे. परंतु तोवर हंगाम थांबत नाही, आणि पैठणच्या खालचा शेतकरी चारीच्या टोकाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याहून निराळा नाही.

२०२३ चा पावसाळा ओढग्रस्तीचा गेला. वरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी पाणी जायकवाडीसाठी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला. विरोध झाला, निदर्शने झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे स्थगिती मिळाली नाही. नोव्हेंबरात पाणी सुटले. अशा वेळी वाटेत उपसा होऊ नये म्हणून नदीकाठच्या पंपांची वीज बंद ठेवावी लागते आणि पथके गस्त घालतात. दारणा, गंगापूरचे पाणी नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यावरून उतरून कोपरगावच्या बेटावरून पुढे पुणतांब्याकडे आणि तेथून नाथसागराकडे जाते. त्यातले किती पोचले, हे पैठणला मोजले जाते.