झोक्यासोबत एक शब्द

पोरी, काल फोनवर तू रडत होतीस तेव्हा मी मुद्दामच गप्प राहिले. लेकरू तुझ्या मांडीवर होतं, आणि त्याला सगळं कळतं. पहिली गाठ पदराला हीच मार: त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलायचं नाही. ‘हा बोलतच नाही हो’ हे वाक्य माझ्या नातवाने वर्षभर माझ्याच तोंडून ऐकलं. त्याची खंत अजून जात नाही.

तो साडेतीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी अप्रॅक्सिया हे नाव सांगितलं. जीभ धड, ओठ धड, कानही तपासून घेतले होते. (तुझ्याकडे कानाची तपासणी राहिली असेल तर आधी ती कर, बाकीचं सगळं नंतर.) शब्द मनात तयार असतो. पण ओठ कधी मिटायचे, जीभ कधी उचलायची, आवाज कधी काढायचा, हा मेंदूचा निरोप तोंडापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून सकाळी ‘पाणी’चं ‘पाई’ व्हायचं, दुपारी ‘बानी’ आणि संध्याकाळी नुसतं ‘आई’. दर वेळी चूक वेगळी. लोकांना तो हट्ट वाटायचा. हट्ट नव्हता गं, लेकरू जिवाच्या आकांताने धडपडत होतं.

आता तू विचारलंस ते, घरी स्पर्शाचे, झोक्याचे खेळ घ्यायचे का? घे, जरूर घे. पण त्यांचं काम काय ते नीट समजून घे. तांदळात हात घालून कुणी बोलायला लागत नाही. मूल अंगाने स्थिरावतं, खुशीत येतं, आपल्या तोंडाकडे बघतं, तेवढ्यापुरते हे खेळ. बोलणं येतं ते बोलण्याच्याच सरावाने. तेव्हा खेळ कुठलाही असो, त्याला एक शब्द बांधायचा. एकच. हे कळायला मला आठ महिने लागले.

आमची सुरुवात परातीपासून झाली. जमिनीवर जुनी चादर, तिच्यावर मोठी परात, परातीत दोन किलो तांदूळ. नातवाला कणकेचा चिकटपणा सोसत नसे, हाताला लागली की अंग काढून घ्यायचा. म्हणून ओलं काही दिलं नाही. आधी कोरडे तांदूळ, तेही वाटीने. मग आपसूक बोटं आत गेली. मी समोर मांडी घालून बसायची आणि तो पाटावर, म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर येत. वाटी पुढे आली की मी हळू, लांबवून म्हणायची, ‘देऽऽ’, आणि मूठभर तांदूळ सोडायची. पुन्हा वाटी, पुन्हा ‘देऽऽ’. एका संध्याकाळी त्याने वाटी धरली, माझ्या ओठांकडे टक लावून बघितलं, जबडा जरा डावीकडे सरकला, थांबला, आणि ‘ए’ आलं. मी लगेच मूठ सोडली. ‘द’ यायला त्यानंतर तीन आठवडे गेले. दहा मिनिटांच्या त्या खेळात तो शब्द तीस-चाळीस वेळा व्हायचा, तरी त्याला कंटाळा यायचा नाही, कारण तांदूळ पडतानाचा तो सर्र आवाज त्याला फार आवडायचा. लहान मूल धान्य नाका-कानात घालतं, तोंडात टाकतं. परातीजवळून उठायचं झालं तर परात उचलूनच उठ.

झोळीचंही तसंच. आमच्याकडे कडीपाटाला जुन्या नऊवारीची झोळी होती. झोका थांबवायचा, त्याच्याकडे बघत मनात पाच आकडे मोजायचे. त्याने तोंड हलवलं, आवाज काढला, हात पुढे केला, काहीही केलं तरी ‘दे’ म्हणत झोका द्यायचा. संथ, पुढे-मागे. गरगर फिरवायचं नाही. चेहरा उतरला, जांभया आल्या, घाम फुटला की बास.

काही मुलांना उलट जोर लागतो, दाब लागतो. माझा नातू अभ्यासाला बसण्याआधी पाण्याने भरलेली छोटी कळशी ढकलत न्यायचा, गादीवर लोळायचा, गोधडीत गुंडाळून घ्यायचा. चेहरा मात्र कायम उघडा, आणि मी शेजारीच. दाबाचं, वजनाचं काहीही करायचं ते ऑक्युपेशनल थेरपिस्टने मुलाला बघून सांगितलं तरच. तुझ्या पोराला काय सोसतं आणि काय नाही, हे पुस्तकापेक्षा त्याचं अंगच सांगेल.

शब्द कुठले निवडायचे? आपल्या आज्या-पणज्यांनी ती सोय करूनच ठेवली आहे. मम्मं, पापा, टाटा, दादा, काका, माऊ, हम्मा. बघ, ओठ मिटून उघडणारे, नाहीतर तोच तोच आवाज पुन्हा येणारे शब्द. ‘पाणी’, ‘केळं’ यांतले ण आणि ळ फार पुढचे, त्यांच्यासाठी अडून बसू नकोस. पाच शब्द स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घे, कागदावर लिही आणि फ्रिजवर लाव. आजोबा, मामा, कामाच्या मावशी, सगळ्यांनी तेच पाच शब्द, तेवढ्याच संथपणे वापरायचे. शब्दासोबत टाळी किंवा थाळीवर थाप दिली की त्यातले तुकडे त्याला ऐकू येतात. बडबडगीत म्हणताना शेवटच्या शब्दाआधी थांबायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. गाण्यातला शब्द कधी कधी बोलण्यातल्या शब्दाआधी येतो.

आणि हे सगळं तुकड्यातुकड्याने. पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. या मुलांना आठवड्यातून ३ ते ५ वेळा एकेकट्याची थेरपी मिळावी असं जाणकार सांगतात. ते आपल्याला कुठून जमणार? म्हणून तर घरचा सराव. आणि जमेल तेवढ्या थेरपीसाठी, मुंबईत बांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेवढं लांब जाणं होत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराचं केंद्र, कुठे आहे ते विचार. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून ही केंद्रं सुरू झाली. तिथे पैसे पडत नाहीत.

लोक खूप काही सांगतील. जिभेला वेखंड चोळ, पोपटाचा उष्टा पेरू दे, जीभ चिकटली आहे ती कापून घे. एका बाईंनी आम्हाला पिपाण्या, फुगे आणि स्ट्रॉचा मोठा डबा विकत घ्यायला लावला. नातू पिपाणी फार छान वाजवायला लागला, शब्द एकही वाढला नाही. फुंकर घालणं वेगळं आणि बोलणं वेगळं. शाळेतून निरोप आला होता की घरी मराठी बंद करा, इंग्रजीच बोला. मी मुलाला आणि सुनेला बजावलं, ज्या भाषेत आपण त्याला जोजवतो ती काढून घ्यायची नाही. हातवारे, चित्रांची पाटी, फोनमधले फोटो यांनाही घाबरू नकोस. त्याने बोलणं मागे पडत नाही, उलट त्याची घुसमट कमी होते.

एकाच गोष्टीवर मी रागावेन. ‘पाणी म्हण, मगच देते.’ आमच्याकडे पाहुण्यांनी हा प्रकार केला, भर मे महिन्यात. नातू पेल्याकडे बघत उभा. ओठ थरथरत होते, डोळे भरलेले, आवाज मात्र फुटेना. शेवटी तो आत जाऊन उशीत तोंड खुपसून पडला आणि त्यानंतर चार दिवस त्याने आवाजच काढला नाही. आलेला ‘दे’सुद्धा गेला. तहान, भूक, कुशी यांचा सौदा करायचा नाही. पाणी त्याच्या हातात द्यायचं आणि देता देता आपण म्हणायचं, ‘पा’.

शब्द आला की तो टिकेलच असंही नाही. आज आलेला उद्या हरवतो, पंधरा दिवसांनी परत येतो. मी कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहून ठेवायची, ‘माऊ’, ‘दे’, आणि हरवला की तिथे टिंब. तीन महिन्यांची पानं सुनेसमोर धरली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं की टिंबं कमी होत आहेत.

रविवारी मी येतेच आहे. परात मोठी काढून ठेव, तांदूळ जुने घे, नव्याची पांढरी भुकटी हाताला चिकटते.