टीपी निघाली, भुंग्याचं काय?

रावेरच्या बांधावरचं सागवान उज्जैनला आणायचं म्हटलं की निम्मा जीव कागदांत जातो. आतेभावाच्या शेतातली झाडं आमच्या फ्रीगंजच्या घराच्या चौकटींसाठी आणली, तेव्हा ही वाट मी पुरती पाहिली. जमीन आपली, झाड आपलं, तरी साग महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड अधिनियमातल्या अनुसूचित झाडांत येतो. आंबा, चिंच, जांभूळही त्यातच. आधी सातबारा जोडून तोडीची परवानगी काढायची. मग वनखात्याची माणसं ओंडक्यांची लांबी-गोलाई मोजणार, नंबर घालून हातोड्याचा शिक्का मारणार, आणि शेवटी वाहतूक परवाना, म्हणजे टीपी. गाडीचा नंबर, मार्ग, नगांची संख्या, मुदत यांतलं काही जुळलं नाही तर बुऱ्हाणपूरच्या अलीकडे-पलीकडे कुठंही गाडी उभी राहते. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली माल अडकतोच, गाडीही सरकारजमा होऊ शकते. ड्रायव्हर आडवाटेचं बोलायला लागला, तर त्याला चहा पाजा, पण परवान्यावरचा रस्ता सोडू देऊ नका.

२०२० साली मध्य प्रदेश आणि तेलंगणात चाचणी घेतलेली ऑनलाइन परवाना पद्धत २९ डिसेंबर २०२३ रोजी देशभरासाठी सुरू झाली. क्यूआर कोड असलेला एकच पास राज्याच्या सीमेपलीकडेही चालतो, सूट असलेल्या जातींना ना-हरकत दाखला मिळतो. सोय झाली, यात वाद नाही.

पण या सगळ्या कागदांना प्रश्न एकच पडतो: लाकूड चोरीचं तर नाही? लाकडाच्या पोटात काय बसलंय, हे कुणी विचारत नाही. परदेशात माल पाठवायचा तर खोक्याची साधी फळीसुद्धा गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून किंवा धुरी देऊन, वर गव्हाच्या लोंबीचा शिक्का मारून घ्यावी लागते. १९१४च्या कीड-रोग कायद्यानं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारा मालही रोखता येतो. मोझॅक रोगापायी महाराष्ट्र-गुजरातच्या केळीच्या रोपांवर तशी बंदी फार पूर्वीच आली. रावेरच्या केळीला जे लागू, ते रावेरच्या ओंडक्याला नाही!

आमच्या मालातली कीडही अशीच कुणी पाहिली नाही. साल राहू दिली की लाकूड तडकत नाही, असं दलालानं सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्या सालीखालचा पांढरा भाग हाच भुंगेऱ्यांचा खाऊ. त्यात पिष्ट असतं. सागाचा गाभा ते सहसा खात नाहीत. पावसाळाभर ओंडके अंगणात पडून राहिले. मग खाली मैद्यासारखी भुकटी दिसू लागली आणि सालीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. सुताराच्या लक्षात येईपर्यंत शेजारी रचलेल्या आंब्याच्या फळ्या आणि बांबूची शिडीही पोखरली गेली होती. चौकटी वाचल्या, बाकीचं चुलीत गेलं.

आमचं नुकसान घरापुरतं. जंगलात हेच कुठवर जातं, ते मध्य प्रदेशानं पाहिलंय. १९९०च्या दशकात मंडला-दिंडोरीकडच्या सालवनांत खोडकिडीची साथ आली आणि लाखो झाडं तोडावी लागली. पहिल्या पावसात बाहेर पडणारा हा भुंगा ताज्या कापलेल्या सालवृक्षाच्या रसाच्या वासावर येतो. म्हणून वनखातं मुद्दाम ओंडके ठेचून सापळा लावतं आणि जमलेले भुंगे गावकऱ्यांकडून वेचून घेतं. असा ताजा ओंडका सालीसकट दुसऱ्या जंगलाशेजारी नेऊन टाकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा साल तोडीच्या जागीच काढा आणि तिथंच जाळा. पांढरा भाग तासून टाका. मापात घट येते, येऊ द्या. शक्यतो थंडीत माल हलवा. आल्यावर ओंडक्यांखाली काळा कागद पसरा, भोकांभोवती खडूनं गोल करा. दोन दिवसांत नवी पांढरी भुकटी पडली किंवा गोलाबाहेर भोक दिसलं, तर कीड जिवंत आहे. असा नग घरात घेऊ नका. चांगल्या लाकडालाही रंधाकाम झाल्यावर, पॉलिशआधी, बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं पाणी पाजा. पॉलिशवर ते मुरत नाही. सुतार कंटाळा करतो, आपण उभं राहावं.

२०२८च्या सिंहस्थाला मंडपांचे बांबू, बल्ल्या, धुनीचं सरपण चहूकडून उज्जैनला येईल. जळाऊ लाकूड तरी इथलंच घ्या, लांबून आणू नका. बांबूचं तर विशेष बघा. वन अधिनियमाच्या २०१७च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूला टीपीच लागत नाही, आणि भुंगेरा सगळ्यात लवकर लागतो तो बांबूलाच.