विषाद आणि विषादित्व : एक शब्दविवेक

खिन्न, निरुत्साही रुग्णाच्या केसपेपरवर आपण वैद्य 'स्वभाव विषादी' असे सहज लिहून जातो. हा शब्द नेमका कोठे योजावा, याचा येथे विचार करू.

व्युत्पत्ती : 'विषाद' शब्दाचा विषाशी संबंध नाही. 'वि' उपसर्ग लागून 'सद्' (बसणे, खचणे) या धातूपासून तो सिद्ध होतो. अंगसाद, अग्निसाद यांतील 'साद' तोच. तेथे अंग गळते, अग्नी मंदावतो. येथे मन खचते.

शास्त्रार्थ : सुश्रुतसंहितेत (सूत्रस्थान १) विषाद मानस विकारांत गणला आहे. कार्य सिद्धीस जाणार नाही या भयाने त्यास प्रवृत्तच न होणे, असा अर्थ डल्हण देतो. चरकाचार्यही (विमानस्थान ४) शोकाचे अनुमान दैन्यावरून, तर भयाचे विषादावरून करावयास सांगतात. म्हणजे अश्रू नव्हेत, तर हातपाय गाळणे ही विषादाची खूण. चरकसूत्रस्थान २० मध्ये तो ८० वातविकारांत येतो आणि अध्याय २५ मध्ये रोग वाढविणाऱ्या भावांत त्यास अग्रस्थान आहे.

'विषादित्व' मात्र सुश्रुत शारीरस्थान १ मध्ये तामस मनाचा गुण म्हणून येते. थोडक्यात, विषादित्व मुळात असते; विषाद मागाहून येतो.

अनुभव : एका शेतकरी रुग्णास आम्ही 'विषादी' ठरवून दोन खेपा केवळ अग्निमांद्याची औषधे दिली. तिसऱ्या खेपेस त्याची पत्नी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे असे नव्हते हो. दिवाळीपर्यंत साऱ्या गावाला हसवायचे." तेव्हा आम्ही प्रथमच विचारले आणि जगणे नकोसे झाल्याचे त्याने सांगितले. त्याच दिवशी त्यास मानसरोगतज्ज्ञांकडे पाठविले. आमच्याच शब्दाने आमचा प्रश्न अडविला होता.

व्यवहार :
१) 'विषादी' लिहिण्यापूर्वी 'हे केव्हापासून?' असे रुग्णास व घरच्यांस विचारावे.
२) खिन्नता वा अरुची जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तो स्वभाव मानू नये.
३) मरणाचे विचार येतात काय, हे स्पष्ट विचारावे. येत असल्यास रुग्णास एकटे न सोडता तत्काळ तज्ज्ञांकडे न्यावे.
४) 'मन लागत नाही, झोपेचे काही द्या' असे म्हणणाऱ्यास औषधालयचालकांनी नुसती बाटली देऊ नये, वैद्याकडे पाठवावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दुकानात लावावा.

प्रकृती म्हणून नोंदलेल्या गोष्टीची आपण चिकित्सा करीत नाही. म्हणून हा शब्द जपून लिहावा.